भिशीतले दाजी

“दाजी, ही भजी हायत का नटबोल्ट?”

हौसाक्कांनी एक भजं उचलून ताटलीवर आपटलं. टक्क असा आवाज आला. पुढच्या खोलीत, सोप्यात बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. मी झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.

“सोडा घातला नाही वाटतं,” विद्या मॅडम म्हणाल्या.

“घातला की.”

“कुठला? धुण्याचा?” नसीमनं विचारलं आणि माझ्या हातातला झारा काढून घेऊन ती आत गेली. तिच्या मागोमाग आणखी दोघीतिघी गेल्या. थोड्या वेळात माझ्याच स्वयंपाकघरात मला उभं राहायला जागा उरली नाही. मी बाहेर येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो.

त्या दिवशी भिशी आमच्या घरी होती. आता त्याला बरीच वर्षं झाली. बारा बायकांची भिशी. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेला हप्ता द्यायचा, गोळा झालेले सगळे पैसे एकीला मिळायचे, आणि जिचा नंबर तिच्या घरी चहा आणि खाणं. गिरिजा, म्हणजे माझी बायको, ही भिशी वीसेक वर्षं चालवत होती. त्या वर्षी भिशी निम्म्यावर आली आणि ती गेली. तिचा नंबर यायचा राहिला होता. अशा वेळी घरच्यांनी उरलेले हप्ते भरायचे आणि गेलेल्या माणसाचा नंबर पुरा करायचा, असा या भिशीचा नियम. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून घरचे म्हणजे मी एकटाच. गडहिंग्लजच्या एसटी डेपोत जन्मभर इंजिनं खोलली, आणि म्हातारपणी दर महिन्याला बायकांच्या घोळक्यात जाऊन बसायला लागलो.

गिरिजाला बहुतेक सगळ्या अक्का म्हणायच्या. त्यामुळे मी आपोआप दाजी झालो. दाजी म्हटल्यावर चिडवायचा हक्क आलाच. पहिल्या महिन्यात त्या माझ्यासमोर बसून रडल्या. दुसऱ्या महिन्यात हौसाक्का म्हणाल्या, “दाजी, शर्टाची गुंडी तुटलीया, का नवी फॅशन हाय?” आणि नसीमनं तिथल्या तिथे सुईदोरा काढला. तिसऱ्या महिन्यापासून मी भिशीला जायच्या आधी आरशात बघायला लागलो.

हौसाक्का सगळ्यांत मोठ्या. बाजारपेठेच्या मागे त्यांची पिठाची गिरण. विद्या मॅडम हायस्कूलमध्ये गणित शिकवून रिटायर झालेल्या. गिरिजा गेल्यावर भिशीचं काम त्यांनी तात्पुरतं अंगावर घेतलं होतं. नसीम फॉल, पिको आणि ब्लाऊजचं काम करायची, दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर. तिचा नंबर आदल्याच महिन्यात लागला होता. त्या पैशांतून तिला भरतकामाची कॉम्प्युटरवाली मशीन घ्यायची होती. मशीनच्या रंगासकट सगळं तिनं आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं, की आमच्यापैकी कुणीही ती दुकानात डोळे झाकून ओळखली असती.

माझा फोन वाजला. टुंग.

“आला बघा,” आतून नसीम ओरडली. “कोण हो दाजी ही? सारखी सारखी?”

“ही नाही. कौशल सर आहेत.”

“सर असू दे नाहीतर मॅडम असू दे,” हौसाक्का म्हणाल्या. “गिरिजानं जन्मात येवढं मेसेज केलं नसतील तुमाला.”

हे मात्र खरं होतं. गिरिजाला मेसेज करता येत नव्हता. ती फोन करायची आणि “या आता” एवढंच म्हणून ठेवायची.

कौशल सरांचं सांगतो. गिरिजा गेल्यावर सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं होतं. मग जो तो आपल्या कामाला लागला. भाऊ बेळगावला, मेव्हणे निपाणीला. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. एका दुपारी फोनवर एक लिंक आली, ती मी दाबली. का दाबली म्हणाल, तर दुसरं काही करायला नव्हतं. लगेच कौशल सरांचा फोन आला. आवाज गोड, बोलणं पुण्याकडचं. ते मला क्रिप्टो समजावून सांगायचे. मला त्यातलं फारसं कळायचं नाही. पण रोज सकाळी ते विचारायचे, “काका, नाश्ता झाला का?” संध्याकाळी विचारायचे, “काका, फिरून आलात का?” त्यांच्या नाण्याचं नाव कुटुंब कॉइन आणि ग्रुपचं नाव ‘आपलं कुटुंब’. त्यात शेकडो माणसं. कुणाचा वाढदिवस असला की केकची चित्रं, कुणाला नफा झाला की फटाके. गिरिजाला जाऊन तीन महिने झाले त्या दिवशी मी ग्रुपवर सहज तसं लिहिलं. एवढे जोडलेले हात आले की मला ते बोटानं वर सरकवत बसावं लागलं. त्या दिवशी माझ्या सख्ख्या भावाला आठवण राहिली नव्हती.

मी थोडे पैसे घातले. फोनवर ते वाढताना दिसायचे. मग आणखी घातले. काढून कधी बघितले नाहीत. कौशल सर म्हणायचे, काढायची घाई करतो तो गिऱ्हाईक आणि थांबतो तो कुटुंबातला. मला ते पटायचं. गिरिजाकडे बायका इतकी वर्षं पैसे देत होत्या, एकीनंही पावती मागितली नव्हती. हीपण एक मोठी भिशीच आहे, असं मी धरून चाललो होतो. मग भिशीत पावती मागायची म्हणजे आपणच हलके ठरतो.

नंतर एकदा त्यांनी विचारलं, “काका, तुमच्या ओळखीत विश्वासातली माणसं किती?”

“अकरा बायका आहेत,” मी म्हणालो.

“मग तर तुम्ही आमचे गडहिंग्लजचे लीडर!”

जन्मात मला कुणी लीडर म्हटलं नव्हतं. डेपोत युनियनच्या निवडणुकीला एकदा उभा राहिलो, तेव्हा मला एकच मत पडलं होतं. ते माझं. गिरिजा म्हणायची, तेपण चुकूनच पडलं असेल. तर असा मी लीडर झालो, आणि त्या दिवशी चार वाजता कौशल सर भिशीत फोन करून सगळ्यांशी बोलणार, असं ठरलं.

खाणं झालं. नसीमनं तळलेली दुसरी भजी बरी होती हे मला कबूल करावं लागलं. विद्या मॅडमनी गिरिजाच्या नंबराचं पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते तिच्या फोटोखाली ठेवलं आणि उभा राहिलो.

“मला एक बोलायचं आहे.”

“बोला की,” हौसाक्का म्हणाल्या. “दुसरं लगीन करताय काय?”

“नाही.”

“मग बिनधास्त बोला.”

मी कुटुंब कॉइनचं सांगायला लागलो. गेले दोन-तीन महिने मी त्यांना फोनवरचे आकडे दाखवत होतोच, त्यामुळे विषय नवा नव्हता. हे सगळे पैसे, म्हणजे गिरिजाच्या नंबराचे, मी त्यात घालणार आहे, आणि ज्यांना घालायचे आहेत त्यांनी माझ्याबरोबर आजच घालावेत, असं मी म्हणालो.

“पर ते नाणं असतंय कसं?” हौसाक्कांनी विचारलं.

“ते हातात येत नाही.”

“मग कुठं असतंय?”

“कॉम्प्युटरमध्ये.”

“कुणाच्या?”

“सगळ्यांच्या.”

हौसाक्कांनी चहाचा कप खाली ठेवला. “हाताला लागत न्हाई, डोळ्याला दिसत न्हाई, आन सगळीकडं असतंय. दाजी, तुमी पैशाचं सांगताय का देवाचं?”

“हसू नका,” विद्या मॅडम म्हणाल्या. “असतं तसं. बिटकॉइन खरंच आहे. माझा भाचा घेतो. पण त्याचा भाव कुठेही बघितला तरी सारखाच दिसतो. आणि वर जातो तसा दाणकन खालीही येतो. भाच्याचं तोंड बघून मला भाव कळतो. दाजींचं हे कुटुंब कॉइन मी महिनाभर शोधतेय. दाजींच्या फोनशिवाय ते कुठंच नाही. आणि ते कधी खालीच येत नाही.”

“ते आपल्या माणसांपुरतंच आहे, म्हणून,” मी म्हणालो. “बाहेरच्यांना नाही दिसत.”

“मला भीती वाटतेय ती त्याचीच.”

मॅडमचा स्वर वर्गातल्यासारखा होता. फळ्यापाशी उभं करून ठेवलेल्या पोरासारखा मी पायाकडे बघायला लागलो. तेवढ्यात नसीमनं मांडीवरची पिशवी उघडली आणि आतून आणखी एक कापडी पिशवी काढली. तिच्या मशीनचे पैसे. ती ते बँकेत भरणार होती, पण मी आदल्या दिवशी फोन करून तिला थांबवलं होतं.

“मॅडम, तुम्हाला कळतं म्हणून तुम्हाला प्रश्न पडतात,” ती म्हणाली. “मला यातलं काही कळत नाही. मी साधी गोष्ट बघते. अक्कांच्या घरातून आलंय ना? मग झालं. मशीन सहा महिन्यांनी घेईन, पण मोठी घेईन.”

“नसीम घालत असली तर मग मीपण,” मागून कुणीतरी म्हणालं. आणखी एकीनं मान हलवली.

मला आनंद झाला. पण नसीम हे बोलली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती. आणि कापडी पिशवी ती माझ्या हातात देत नव्हती, फोटोखाली ठेवायला उठत होती.

फोन वाजला. मी स्पीकर लावला.

“नमस्कार काका! आणि माझ्या सगळ्या मावश्यांनापण नमस्कार!”

“ह्यो कुठला भाचा?” हौसाक्का पुटपुटल्या.

कौशल सर छान बोलले. एकट्यानं चालणारा थकतो, कुटुंबानं चालणारा पोहोचतो, असं काय काय. बायका ऐकत होत्या. मग विद्या मॅडमनी विचारलं, “सर, तुमचं ऑफिस कुठं आहे?”

“मॅडम, ऑफिस ही आता जुनी कल्पना झाली. आपलं कुटुंब हेच आपलं ऑफिस.”

“म्हंजे न्हाई,” हौसाक्का म्हणाल्या आणि फोनजवळ सरकल्या. “बाबा, मला काय ऑफिस-बिफिस कळत न्हाई. येवढंच सांग. तुझा नंबर कितवा?”

“कसला नंबर, मावशी?”

“तू ह्यातनं तुझं पैसं कवा काढणार?”

कौशल सर खूश झाले. असा प्रश्न त्यांना फार आवडला असावा. “मावशी, मी पहिल्या दिवसापासून यात आहे. माझे पैसे मी दुप्पट करून केव्हाच काढून घेतले! आता आहे तो निव्वळ नफा. म्हणून तर सांगतो, उशीर करू नका.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नसीम फोटोपर्यंत पोहोचली होती, ती तिथेच उभी राहिली. मला कळेना, सर एवढं काय वाईट बोलले.

“काय झालं?” मी हळूच विचारलं.

हौसाक्का काही हळू बोलल्या नाहीत. “दाजी, गिरिजाचा नंबर दरसाल कितवा असायचा?”

“शेवटचा.”

हे मला पाठ होतं. त्यावरून मी तिला कित्येकदा चिडवलं होतं. बारा चिठ्ठ्या टाकतात आणि आमच्या हिला नेमकी शेवटचीच येते, असं डेपोत सांगून मी लोकांना हसवायचो.

“आन ते कशानं?”

“नशिबानं.”

“नशिबानं!” हौसाक्कांनी कपाळावर हात मारला. “अवो, चिठ्ठ्या अकराच असायच्या. तिची चिठ्ठी तिनं कधी टाकलीच न्हाई. म्हणायची, पैसं माझ्या हातात असत्यात, तर माझा नंबर सगळ्यांच्या मागं. मधीच कायतरी झालं तर माझं बुडू दे, तुमचं नको. म्हणून आमी पावती मागत न्हवतो. ती लई गोड बोलायची म्हणून न्हवं.”

“गोड तर त्या बोलायच्याच नाहीत,” विद्या मॅडम म्हणाल्या. “हप्ता चुकला की दारात येऊन उभ्या राहायच्या.”

“मला कधी बोलली नाही,” मी म्हणालो.

“तुमी कधी इच्यारलं?”

फोन चालूच होता. “हॅलो? काका? आवाज येतोय का?”

“येतोय,” मी म्हणालो आणि फोन हातात घेतला. “सर, असं करू या का? आम्ही सगळे पैसे घालतो. पण आधी आमच्या सगळ्यांचे निघतील आणि तुमचे सर्वांत शेवटी. चालेल?”

ते हसले. “काका, असं नसतं हो. सिस्टिम वेगळी असते.”

“बरं. मग माझ्यातले थोडे मला आज काढायचे आहेत. इथे सगळ्यांना दाखवायला.”

“अगदी काढा, तुमचेच आहेत! फक्त काढायच्या आधी टॅक्स भरावा लागतो. तो भरलात की लगेच मोकळे होतील.”

“त्यातूनच कापून घ्या की,” विद्या मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, तशी प्रोसेस नाहीये.”

“म्हणजे पैसे काढायला आधी पैसे भरायचे?”

“माझ्या गिरणीत कोण दळण न्यायला आलं,” हौसाक्का म्हणाल्या, “तर मी त्याला म्हणू काय, आधी आणिक जोंधळं घाल मग पीठ दितो?”

दोघीतिघी हसल्या. कौशल सर हसले नाहीत. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच वेगळा ऐकला.

“काका, मी तुम्हाला वडिलांच्या जागी मानलं. कुटुंबात असा संशय घेतात? आज काकू असत्या तर त्यांना काय वाटलं असतं?”

विद्या मॅडमनी फोन घ्यायला हात पुढे केला, पण मी दिला नाही.

“ती असती तर तुम्हाला म्हणाली असती, आधी घरी जेवायला ये,” मी म्हणालो. “चार माणसांत बस, तोंड दिसू दे, मग पैशाचं बघू. या ना सर. कधी येता? आजच या, भजी केली आहेत.”

“दाजी, त्याला भजी घालून मारताय व्हय!” हौसाक्का म्हणाल्या.

पलीकडून फोन बंद झाला.

मी परत लावला, लागला नाही. ग्रुप उघडून बघितला, तर मला त्यातून काढून टाकलेलं होतं. आकडे वाढताना दिसायचे ते ॲप नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

माझे पैसे गेले. पोलिसांत तक्रार दिली, विद्या मॅडमनीच नेऊन द्यायला लावली, पण मिळाले नाहीत. किती गेले ते इथे लिहीत नाही. हौसाक्कांना वाचून दाखवणारं कुणीतरी निघतंच. पण पैशाचं मला नंतर लागलं. त्या क्षणी मनात आलं ते एवढंच, की उद्या सकाळी फोन वाजणार नाही.

मी फोन हातात धरून बसून राहिलो. चिडवायला एवढी चांगली संधी असून एकीनंही चिडवलं नाही. माझा चेहरा कसा झाला असेल, हे मला त्यावरून कळलं.

नसीमनं कापडी पिशवी पहिल्या पिशवीत घातली, चेन लावली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“दाजी, उद्या कोल्हापूरला मशीन बघायला जाते मी. तुम्ही चला. सकाळच्या पहिल्या गाडीला.”

“मी कशाला?”

“दुकानदार मोटारीचं काहीही सांगतो. तुम्ही आवाज ऐकून सांगा बरी आहे का.”

“मी एसटीची इंजिनं बघितलीत, नसीम. मला भरतकामाच्या मशीनमधलं काय कळतंय?”

“क्रिप्टोमधलं कळत होतं का?”

त्यावर जो हशा झाला तो शेजारच्या घरात ऐकू गेला असणार. मीपण हसलो. काय करणार. एकदा सुरू झाल्यावर मग त्यांनी मला सोडलं नाही. गडहिंग्लजचे लीडर, चहा घ्या. लीडर, पाय वर घ्या, केर काढायचाय. लीडर, आमचा तो फोनवरचा भाचा दिवाळीला येणार का?

हसणं ओसरल्यावर विद्या मॅडम म्हणाल्या, “पण एक सांगते. हे क्रिप्टो म्हणजे काय ते आपल्याला शिकायला पाहिजे. आज दाजींना फोन आला, उद्या आपल्या घरातल्या कुणालातरी येणार. माझा भाचा सुट्टीला आला की बोलावते. भिशी झाल्यावर अर्धा तास. पैसे कुणी घालायचे नाहीत. घालायचे कसे ते नंतर, काढायचे कसे ते आधी शिकायचं.”

“आन भाचाच कायतरी इकाय लागला तर?”

“तर त्यालापण तुम्ही नंबर विचारा. माझी हरकत नाही.”

तो अर्धा तास पुढे बरीच वर्षं चालला. आधी आमच्याच बायका, मग पलीकडच्या गल्लीतल्या, मग त्यांचे नवरे दारात चप्पल काढून लाजत लाजत. कुणाला असा फोन आला की तो माणूस आधी आमच्या सोप्यात यायचा. दोघींनी खरंच थोडं बिटकॉइन घेतलं. कधी हसल्या, कधी तोंड पाडून बसल्या, पण बाहेर पडायची वाट त्यांना माहीत होती. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी उठायच्या आधी नव्या वर्षाच्या भिशीचं ठरवायचं होतं.

“मी आता चालवणार नाही,” विद्या मॅडम म्हणाल्या. “माझे गुडघे गेलेत. घरोघरी फिरणं होत नाही.”

एकीचं नाव निघालं, तिची सून बाळंत व्हायची होती. दुसरीनं आधीच नाही म्हणून सांगितलं. मग हौसाक्का माझ्याकडे बघायला लागल्या.

“दाजींना दिवसभर काम काय असतंय?”

“अहो, बायकांच्या भिशीत गडीमाणूस?” कुणीतरी म्हणालं.

“गडीमाणूस कुठला? दाजी हायत ते.”

“नाहीतर असं करू,” नसीम म्हणाली. “नाव अक्कांचंच ठेवू. दाजी फिरतील, नाव अक्कांचं.”

सगळ्यांना ते पसंत पडलं. विद्या मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, मांडीवर कागद घेतला आणि वर लिहायला सुरुवात केली. मी बाजूलाच होतो. त्यांनी आधी ‘कै.’ लिहिलं.

“थांबा मॅडम,” मी म्हणालो.

“का?”

“ती नाही आता.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच होतं. पण मी हे वाक्य असं कुणासमोर बोललो नव्हतो.

“उद्या काही कमीजास्त झालं तर तुम्ही धरणार कुणाला? फोटोला?” मी म्हणालो. “माझं नाव लिहा.”

मॅडमनी ते खोडलं. पेन कागदावर टेकवलं आणि तिथेच थांबल्या.

“काय लिहू?”

“माझं नाव.”

“हो, पण काय?”

त्यांनी हौसाक्कांकडे बघितलं. हौसाक्कांनी नसीमकडे बघितलं. नसीमनं खिडकीकडे.

“पाटीवर आर. बी. मगदूम आहे,” कुणीतरी म्हणालं.

“आर म्हणजे राजाराम असेल.”

“मला रमेश वाटायचं.”

“उखाण्यातपण कधी घेतलं नाही का अक्कांनी?” विद्या मॅडमनी विचारलं.

“उखाणा घे म्हटलं की म्हणायची, इथं उखाणं न्हाईत, हप्तं घेत्यात,” हौसाक्का म्हणाल्या. “जल्मभर आमचं हे, आमचं हे करत ऱ्हायली. मला वाटलं, हे हेच नाव हाय.”

“रुद्राप्पा,” मी म्हणालो. “रुद्राप्पा बसाप्पा मगदूम.”

नसीमनं तोंडाला ओढणी लावली, आणि सगळा सोपा फुटला.

“हे रुद्राप्पा?”

“एवढ्या गरीब माणसाला एवढं कडक नाव!”

“आई गं,” हौसाक्का डोळे पुसत म्हणाल्या, “आन आमी त्यास्नी गुंडीवरनं बोलत हुतो.”

विद्या मॅडमनी नाव लिहिलं. मग कागद डोळ्यांसमोर धरून, शाळेत वाचायच्या त्या खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं, “भिशी चालवणार, रुद्राप्पा बसाप्पा मगदूम!”

आमच्या घरात माझं नाव इतक्या मोठ्यानं कधी कुणी घेतलं नव्हतं. डेपोत सकाळी हजेरीला वाचायचे, तेवढंच. आणि त्या सवयीनं, मला कळायच्या आत, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि म्हणालो,

“हजर.”